लॅपटॉपची स्क्रीन बिनतारी मोठ्या डिस्प्लेवर दाखवायची आहे, पण यादीत डिस्प्लेचे नावच येत नाही. काय करावे?

आपला विंडोज लॅपटॉप आणि डिस्प्ले एकाच वायफायला जोडलेले असूनही नाव दिसत नाही, असे आपण लिहिले आहे. सेटिंग बदलण्यापूर्वी दोन्ही उपकरणे एकच पद्धत वापरतात का, हे तपासावे. कारण विंडोजमधील मिराकास्ट, ॲपलचे एअरप्ले आणि गूगल कास्ट या तिन्ही वेगवेगळ्या पद्धतींना सरसकट स्क्रीन मिररिंग म्हटले जाते, आणि केवळ एअरप्ले चालणारा डिस्प्ले विंडोजच्या यादीत कितीही वाट पाहिली तरी येणार नाही.

विंडोज आणि के या कळा एकत्र दाबल्यावर उघडणारी यादी मिराकास्टची असते. 2012 साली आलेली ही पद्धत सहसा वायफाय डायरेक्टने लॅपटॉप थेट डिस्प्लेशी जोडते, त्यामुळे राउटर एक असणे येथे गौण ठरते. मात्र इंटरनेट केबलने येत असले तरी लॅपटॉपचे वायफाय चालूच ठेवावे लागते. लॅपटॉप मिराकास्टला सक्षम आहे का, हे पाहण्यासाठी स्टार्टमध्ये डीएक्सडायग (dxdiag) लिहून ते उघडावे आणि सर्व माहिती फाइलमध्ये जतन करावी. त्या फाइलच्या सुरुवातीच्या भागातच मिराकास्टची ओळ असते आणि तेथे 'अव्हेलेबल' असे दिसायला हवे. डिस्प्लेवरही मिररिंगचा पर्याय स्वतंत्रपणे चालू करावा लागतो, आणि नेमके हेच बहुतेकांकडून राहून जाते.

डिस्प्लेच्या जागी दुसरा विंडोज संगणक असेल, तर त्यावर 'वायरलेस डिस्प्ले' ही ऐच्छिक सुविधा आधी बसवावी. विंडोज 10 च्या 2004 क्रमांकाच्या आवृत्तीपासून ती मुळात बसवलेली नसते.

एअरप्ले आणि कास्टसाठी मात्र एकच नेटवर्क सहसा लागतेच. एका सभागृहात मी तासभर डिस्प्ले शोधत होतो. दोन्ही उपकरणे पाहुण्यांसाठीच्या वायफायवर होती आणि तेथे उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारे आयसोलेशन चालू होते. मुख्य नेटवर्कवर जाताच नाव लगेच दिसले.

जोडणी झाल्यावर माउस हलवला की मोठ्या पडद्यावरचा बाण किंचित मागून येतो. चित्र आकुंचित (कॉम्प्रेस) करून पाठवले जात असल्याने एवढा उशीर स्वाभाविक आहे. पण चित्र अडखळत असेल, तर 2.4 गिगाहर्ट्‌झच्या गर्दीऐवजी 5 गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरावा. संरक्षित चित्रपट लावल्यावर केवळ काळा पडदा दिसला, तर बहुधा एचडीसीपी या नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाची अडचण असते. तेव्हा सरळ एचडीएमआय केबल लावून पाहावी.