ईसाई, ख्रिश्चन की ख्रिस्ती? आणि 'इ. स.'मधला 'इ' कुणाचा?

प्रश्न असा आलाय : ताई मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन इंदूरला आल्या. मुलीच्या मराठी निबंधात 'ईसाई धर्म' असं दिसलं, ते खोडून त्यांनी 'ख्रिश्चन धर्म' केलं. सासूबाई म्हणाल्या, आम्ही चार पिढ्या ईसाईच म्हणत आलोय. पुण्याहून मागवलेल्या पुस्तकात बघितलं तर 'ख्रिस्ती'. आता यातला मराठी शब्द कोणता, आणि 'ईसाई' म्हणजे हिंदीचा शिरकाव समजून तो काढून टाकायचा का?

निबंधापुरतं उत्तर सोपं आहे. 'ख्रिस्ती धर्म' लिहा. पण सासूबाईंना चूक ठरवण्याआधी त्याच मुलीची इतिहासाची वही उघडा. मंदसौरचा तह, इ. स. १८१८. हा 'इ' कशाचा? 'इसवी'चा. आणि इसवी म्हणजे ईसाचा, ईसासंबंधी. अरबीतलं 'ईसवी' फारसीमार्गे आपल्याकडे आलं. 'सन' म्हणजे वर्ष, तेही अरबीच. थोडक्यात, ईसाई हा शब्द ऐकून नाक मुरडणारा अस्सल सदाशिवपेठी माणूससुद्धा प्रत्येक तारखेला ईसाचं नाव घेतोच, फक्त आद्याक्षरात गुंडाळून.

आता मुळाकडे जाऊ. इथे दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते एकच समजतो. 'ईसा' हे नाव आहे, 'ख्रिस्त' ही पदवी.

नाव हिब्रू-अरामी बोलीतलं, येशूअ असं काहीसं उच्चारलं जाणारं. ग्रीकांकडे 'श' नव्हता, म्हणून त्यांनी 'स' केला आणि आपल्या पुरुषवाचक नामांना लागतो तसा आणखी एक 'स' शेवटी जोडला : इएसूस. ते लॅटिनमध्ये गेलं आणि तिथून इंग्रजीत येईपर्यंत 'जीझस' झालं. कुराणात तेच नाव 'ईसा' या रूपात येतं. गंमत म्हणजे अरबी बोलणारे ख्रिस्ती लोक स्वतः 'ईसा' म्हणत नाहीत, ते 'यसू' म्हणतात. मराठी बायबलातला 'येशू' मुळाच्या बराच जवळ आहे, 'जीझस'पेक्षा तर नक्कीच.

पदवीची गोष्ट जास्त रंगतदार. यहुद्यांमध्ये राजाच्या किंवा मुख्य याजकाच्या डोक्यावर तेल ओतून त्याला त्या पदावर बसवत. आपल्याकडे अभिषेक नद्यांच्या पाण्याने, त्यांच्याकडे जैतुनाच्या तेलाने. अशा अभिषिक्ताला हिब्रूत 'माशीअह' म्हणत. ग्रीकांनी त्याचं सरळ भाषांतर केलं, 'ख्रिस्तोस', तेल माखलेला. अरबीत तोच माशीअह 'मसीह' झाला. म्हणजे ख्रिस्त आणि मसीह ही एकाच अर्थाची दोन भाषांतली रूपं. म्हणून 'ख्रिस्ती' या शब्दाला हिंदीत तंतोतंत जुळणारा शब्द 'ईसाई' नाहीच, तो आहे 'मसीही'. इंदूरमधल्या हिंदी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत कान देऊन ऐका. पुष्कळजण स्वतःला मसीही म्हणवतात, ईसाई हे बाकीच्यांनी त्यांना म्हणायचं.

आणि हे पहिल्या दिवसापासून असंच आहे. येशूचे सुरुवातीचे अनुयायी स्वतःला ख्रिस्ती म्हणत नव्हते. ते आपल्या पंथाला नुसतं 'मार्ग' म्हणत. (आपल्याकडच्या वारकरी, महानुभाव मंडळींना हा शब्द परका वाटणार नाही.) 'ख्रिस्ती' हे नाव त्यांना पहिल्यांदा अंत्युखियात मिळालं, असं बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या भागात स्पष्ट लिहिलंय. आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या ते हेच. त्या नावाचं ग्रीक रूप 'ख्रिस्तिआनोस'. त्याचा शेवटचा तुकडा, 'इआनोस', ग्रीक नव्हे. तो लॅटिनचा, आणि एखाद्या पुढाऱ्याच्या गटातली माणसं दाखवायला वापरला जाई. सीझरवाले, हेरोदवाले, तसे हे ख्रिस्तवाले. यात कौतुक कमी आणि 'हे बघा, ते अमक्याचे लोक' अशी बोट दाखवण्याची लकब जास्त, असं मला वाटतं. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला त्याच अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस मात्र आपल्या पत्रांत हाच शब्द अभिमानाने मिरवतो. 'ख्रिस्ती धर्म' या अर्थाचा ग्रीक शब्द आणि 'कॅथलिक', म्हणजे सार्वत्रिक चर्च, हे दोन्ही शब्दप्रयोग सर्वात आधी त्याच्याच लेखनात सापडतात.

बाहेरच्यांनी दिलेलं नाव म्हटलं की चुकीचं ऐकणंही आलंच. 'ख्रेस्तोस' असा एक वेगळाच ग्रीक शब्द होता, अर्थ चांगला, उपयोगी. गुलामांची नावं असायची ती. रोमन लोकांना अभिषिक्त वगैरे काही कळेना, त्यांच्या कानाला ओळखीचं ख्रेस्तोसच वाटलं, आणि ते या मंडळींना 'ख्रेस्तिआनी' म्हणू लागले. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस टर्टुलियन या लेखकाने त्यावर सुनावलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आमचा द्वेष करता आणि नाव धड उच्चारत नाही, आणि जे चुकीचं उच्चारता त्याचा अर्थ निघतो भलेपणा!

आपल्या इंदूरचं उदाहरण याच्या बरोब्बर उलटं आहे. रेसिडेन्सीच्या भागात पांढरं चर्च आहे, व्हाइट चर्च. चर्चवरून चौकाला आणि आसपासच्या वस्तीलाही तेच नाव पडलं. रिक्षावाले उच्चारतात 'वाइट चर्च'. पुण्याहून आलेल्या माझ्या मामेभावाने पहिल्यांदा ते ऐकून गंभीरपणे विचारलं होतं, "का रे, वाईट का? काय झालं तिथे?" रोमनांच्या तोंडी चांगलं, आमच्या मामेभावाच्या कानी वाईट. आणि मी स्वतः? रामबागेत वाढलो, हिंदी शाळेत शिकलो, तिसरीपर्यंत मला गिरजाघर म्हणजे गिरिजाघर, पार्वतीचं देऊळ वाटायचं. आजीनेही कधी दुरुस्त केलं नाही. तिलाही तसंच वाटत असावं.

तर गिरजा. हिंदीचा म्हणून आपण तो मराठीत टाळतो आणि 'चर्च' लिहितो. पण गिरजा आलाय पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून. कोकणीत त्याचंच 'इगर्ज' झालं. त्याच्यामागे ग्रीक 'एक्लेसिया', जमलेली माणसं, सभा. इमारतीचा त्यात संबंधच नव्हता. हिंदीने पुढे 'घर' लावलं ते एका अर्थी बरंच केलं. 'चर्च'चं मूळ वेगळं, ग्रीक 'किरिआकोन', प्रभूचं. एकात माणसं, एकात देव. आणि पोर्तुगीज शब्द जपला माळव्यातल्या हिंदीने, तर पोर्तुगीजांच्या शेजारी दोनशे वर्षं काढलेल्या मराठीने उचलला इंग्रजांचा!

पोर्तुगीजांचं बाकी देणं मराठीत भरपूर राहिलंय. वसई त्यांच्याकडे १५३४पासून चिमाजीअप्पांनी १७३९मध्ये जिंकून घेईपर्यंत होती, गोवा त्याही आधीपासून, १५१०पासून. 'पाद्री' म्हणजे पाद्रे, बाप. 'नाताळ' म्हणजे नाताल, जन्माचा दिवस. इंदूरकडे त्यालाच 'बडा दिन' म्हणतात. आमच्या घरी दोन्ही चालायचं, नाताळची सुट्टी आणि बड्या दिनाचा केक. 'किरिस्ताव' हाही त्याच खेपेला आलेला, पोर्तुगीज 'क्रिश्तांव'वरून. कोकणीत तो साधा, आपुलकीचा शब्द आहे. देशावरच्या मराठीत मात्र त्याला हेटाळणीचा वास चिकटला, म्हणून तो दुसऱ्यांसाठी वापरू नये.

या शब्दात 'ख' नाही, 'क' आहे, हे लक्षात घ्या. थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने (जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) गोव्यात राहून मराठी ओव्यांत जो ग्रंथ रचला, १६१६ साली रोमन लिपीत छापला, तोही 'क्रिस्तपुराण'. लॅटिन आणि पोर्तुगीज तोंडून आलेला शब्द कायम 'क'ने सुरू होतो. 'ख' आला तो ग्रीक डोळ्यांसमोर ठेवून बसलेल्या भाषांतरकारांकडून. या शब्दाचं ग्रीकमधलं पहिलं अक्षर 'खी' आहे, त्याला देवनागरीत 'ख' चपखल बसतो. विल्यम कॅरीच्या देखरेखीखाली बंगालातल्या श्रीरामपूरला मराठी नवा करार १८११मध्ये छापून निघाला. १८१३मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली नगरहून निघू लागलं, म्हणजे आपल्या अहिल्याबाईंच्या माहेरच्या जिल्ह्यातून. पुढे रेव्हरंड टिळक आले, पंडिता रमाबाईंनी मुळावरून केलेलं अख्खं बायबल आलं. 'ख्रिस्त', 'ख्रिस्ती', 'शुभवर्तमान' हे शब्द या छापखान्यांतून आणि या माणसांच्या हातून घडत मराठीत मुरले. म्हणून लिखित मराठीत 'ख्रिस्ती' वजनदार वाटतो. त्याच्यामागे दोनशे वर्षांचं गद्य आणि भजनं उभी आहेत.

'ख्रिश्चन' त्यातल्या त्यात उशिराचा, इंग्रजी शाळांबरोबर आलेला. चूक नाही, पण तो माणसापुरता ठेवावा असं माझं मत. 'शेजारी ख्रिश्चन आहेत' हे कानाला ठीक. 'ख्रिश्चन धर्म', 'ख्रिश्चन साहित्य' म्हटलं की भाषांतर केल्यासारखं वाटतं. इंदूरला तर याचंही तिसरं रूप आहे : कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८८७मध्ये काढलेलं, किशोरकुमार जिथे शिकले ते 'क्रिश्चियन कॉलेज'. हे विशेषनाम आहे. मराठीत लिहितानाही तिथे 'ख्रिश्चन' करू नये, रिक्षा चुकेल.

राहिला 'ईसाई'. या धर्माचा पूर्वेकडे जाणारा खुष्कीचा रस्ता इराणातून जात होता, हे आपण विसरतो, कारण शाळेत शिकवतात तो पश्चिमेचा इतिहास : ३१३मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने मोकळीक दिली, ३८०मध्ये थिओडोसियसने तो साम्राज्याचा धर्म केला, १०५४ला पूर्व-पश्चिम फूट, १५१७ला ल्यूथर. पण ६३५मध्ये आलोपेन नावाचा धर्मगुरू इराणकडून चीनच्या राजधानीत पोचला होता, आणि ७८१चा शिलालेख तिथे या धर्माला 'तेजस्वी धर्म' म्हणतो. आपल्याकडे तर त्याच्याही आधी. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मास लिहितो की 'कल्लिआना' इथे इराणहून नेमलेला बिशप आहे. बरेच अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात. १३२१मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, ते उतरले होते तिथल्या जुन्या, पूर्वेकडच्या चर्चच्या ख्रिस्ती लोकांकडे. वास्को द गामा यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती! केरळच्या सीरियन ख्रिस्त्यांना आजही 'नसरानी' म्हणतात, नासरेथवाले. तेही याच पूर्वेच्या वाटेने आलेलं नाव.

फारसीत ख्रिस्ती माणसाला आणखी एक जुना शब्द आहे, 'तर्सा', म्हणजे भिणारा, देवाला भिऊन असणारा. या 'तर्स'चा सख्खा भाऊ संस्कृत 'त्रस्', आणि त्यावरून आपला 'त्रास'. तो शब्द मराठीत आला असता तर काय झालं असतं याची कल्पना करून मी एकटाच हसलो आहे.

दरबारी फारसीतला 'ईसा' हिंदी-उर्दूत मुरला, 'ईसाई' तिथून माळव्यातल्या मराठी घरांत आला. होळकरांबरोबर इथे आलेल्या आपल्या लोकांनी रोजच्या बाजारातून हजार शब्द घेतले, त्यातला हा एक. 'इसवी' मात्र महाराष्ट्रातल्या मराठीनेही घेतला, आणि आज कुणाला तो परका वाटत नाही. मग घरात बोलताना 'ईसाई' आला तर बिघडलं कुठे? लिहिताना 'ख्रिस्ती' लिहावं, ते मराठी वाचकाला सगळीकडे कळतं म्हणून आणि मराठी ख्रिस्ती लोक स्वतःला तेच म्हणवतात म्हणून. दुसरं कारण मला जास्त पटतं.

निबंधात 'इ. स. पहिले शतक' असं कुठे आलं असेल तर ते मात्र तसंच राहू द्या. नाहीतर एकाला खोडलं म्हणून दुसऱ्यालाही खोडावं लागेल, 'ख्रिस्ताब्द' लिहावं लागेल, आणि बाईंच्या लाल पेनाला मुलीने काय उत्तर द्यायचं ते तुम्हालाच शिकवावं लागेल.