पेरिला तेलाची पहिली बाटली घेताना

कोरियन स्वयंपाक शिकताय, छान! पेरिलाचं (पुदिन्याच्या कुळातल्या एका रोपाच्या बियांचं) तेल जरूर आणा, पण लहान बाटली. नवखे हमखास मोठी घेतात, ओट्यावर उघडी ठेवतात आणि तेल खवट होतं. जवसासारखंच यात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं. हवा लागली की ते बिघडतं, पातळ थर तर सुकून कडकच होतो. म्हणून तर जपानमध्ये कागदी छत्र्यांना हे तेल लावत.

- उघडल्यावर बाटली फ्रिजमध्येच.
- तळणाला नको. पालक उकडून घट्ट पिळा, मीठ-लसूण चोळा, वरून चमचाभर तेल. कुट्टूच्या थंड नूडल्सवर तर अप्रतिम!
- तिळाच्या तेलाऐवजी सरसकट घालू नका, चव निराळी आहे.

ऑइलपेंटसारखा वास आला की सरळ टाकून द्या.