ॲपल क्रंबलचा वरचा थर कधी दगड, कधी चिखल का होतो?

प्रश्न: ॲपल क्रंबल (खाली सफरचंदं, वर मैदा-बटर-साखरेचा चुरा घालून भाजलेला गोड पदार्थ) दोनदा केलं. पहिल्यांदा वर जाड, कडक पोळी तयार झाली, दुसऱ्यांदा सगळा चिखल. घरी लहान ओटीजी (विजेचा ओव्हन) आहे. नेमकं काय चुकतंय? सोपी पद्धत कोणी सांगेल का?

उत्तर:

पहिल्या वेळी तुम्ही पीठ मळलंत. न बघता सांगते, कारण मीही तेच केलं होतं.

मी बेळगावची, शहापूर भागातली. आमच्याकडं गणपती गेले की घरात फळांचा ढीग उरतो. आलेल्या प्रत्येकानं देवापुढं ठेवलेली सफरचंदं, पेरू, नासपती. दोन दिवस फ्रूट सॅलड, तिसऱ्या दिवशी कुणी बघत नाही. एका वर्षी म्हटलं, क्रंबल करू. मैद्यात बटर टाकलं आणि हात आपोआप चालू लागला. रोज वीस-पंचवीस चपात्या करणारा हात तो, त्याला थांबायचं कुठं माहीत? छान मऊ गोळा झाला. लाटून फळांवर पसरलासुद्धा! सासूबाई म्हणाल्या, "हे काय करूलालीस? करंजी काय?" बाहेर आलं तेव्हा सुरी आत जाईना. खालची सफरचंदं खाल्ली आणि वरचं झाकण चहात बुडवून संपवलं.

खरं तर क्रंबलचा वरचा भाग आपल्याला येतोच, फक्त त्या नावानं येत नाही. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळतो ना? मुठीत दाबलं की मुटका वळतो, बोटानं ढकलला की फुटतो. क्रंबल तिथंच संपतं. पुढं पाणी नाही, दूध नाही, मळणं नाही. तूप-लोणी पिठाच्या कणाला लपेटून बसतं, म्हणून त्याला चिकटपणा येत नाही आणि ते भाजल्यावर भुसभुशीत राहतं. बटरमध्येही थोडं पाणी असतंच. त्यात हाताची ऊब आणि मळणं आलं की गोळा झालाच म्हणून समजा.

प्रमाण पाठ करायला सोपं आहे: पीठ दोन भाग, बटर एक, साखर एक, आणि हे वजनानं, वाटीनं नव्हे. ८ इंची भांड्याला १५० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम बटर, ७५ ग्रॅम साखर. मी मैद्यातले दोन मोठे चमचे काढून तेवढा बारीक रवा घालते, कुरकुरीतपणा वाढतो. थोडं ज्वारीचं पीठही चालतं. भाकरी थापताना ज्वारीच्या ज्या गुणानं आपण वैतागतो, चिकटून न राहण्याच्या, तोच इथं कामाला येतो. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको.

बटर फ्रिजमधून काढून लगेच बारीक तुकडे करा आणि फक्त बोटांच्या टोकांनी चोळा. तळहात लावायचाच नाही, तो गरम असतो. काही कण रव्याएवढे, काही वाटाण्याएवढे राहिले तर उत्तम, एकसारखे करत बसू नका. साखर मग मिसळा आणि फळं तयार होईपर्यंत ताट फ्रिजमध्ये ठेवा. मे महिन्यात तर मी मैदाही आधी गार करून घेते.

घरचं किंवा बाजारातलं पांढरं लोणी वापरणार असाल तर गार पाण्यात दोनदा धुवून, ताक पूर्ण काढून, घट्ट करून घ्या. तूप चालतं, पण त्यात पाणी नसतं, म्हणून ७५ऐवजी ६० ग्रॅम पुरे, आणि तेही थिजलेलं. चव मात्र नानकटाईकडं झुकते. आमच्या घरी त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

आता चिखलाचं. त्याची कारणं दोन: फळाचं पाणी आणि वरून दाबणं. साधारण ६०० ग्रॅम, म्हणजे चार मध्यम सफरचंदं सोलून मोठ्या फोडी करा. आपल्याकडची सफरचंदं गोड असतात, म्हणून अर्ध्या लिंबाचा रस हवाच. दोन चमचे साखर किंवा किसलेला गूळ, दालचिनी किंवा जायफळ, आणि एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर. कढईत पाच मिनिटं परता. सुटलेलं बरंचसं पाणी तिथंच आटतं. भांड्यात काढून थोडं गार होऊ द्या, कारण गरम फळावर चुरा टाकला तर बटर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं. मग चुरा नुसता भुरभुरायचा, पोह्यांवर खोबरं टाकतो तसा. चमच्यानं थापला की वाफेला वाट राहत नाही आणि खालून तो शिजतो, भाजला जात नाही.

ओटीजी आधी १८० अंशांवर तापवा, दोन्ही रॉड चालू, भांडं मधल्या जाळीवर. ३५ ते ४० मिनिटं. घड्याळापेक्षा कडेला बघा: रस बुडबुडे काढत वर आला पाहिजे. तोपर्यंत कॉर्नफ्लोअर नीट घट्ट होत नाही. वर सोनेरी झालं, पण कडेला बुडबुडे नाहीत, तर वर फॉइल टाकून आणखी ठेवा. काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका.

ओव्हन नसणाऱ्यांसाठीही लिहिते, कारण बहिणीनं हेच विचारलं होतं. कुकरमध्ये किंवा कढईत मीठ घालून केक होतो, क्रंबल होत नाही. झाकणाची वाफ चुऱ्यावर गळते. त्यापेक्षा मैदा-बटरचा चुरा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बेसन भाजतो तसा खमंग भाजा, उतरवून जरा निवला की साखर मिसळा आणि शिजवलेल्या फळांवर ऐनवेळी घाला. अस्सल नाही, पण चमचा थांबत नाही. दुसरा उपाय जुना आहे: दिवाळीत नानकटाईचे ट्रे गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत नेतो, तसंच हे भांडंही न्या. भट्टीवाले आधी हसतील, भाजून मात्र देतील.

हा पदार्थ ब्रिटनचा. दुसऱ्या महायुद्धात तिथं लोणी-साखर रेशनवर होती. ॲपल पाय या पदार्थाच्या पारीपेक्षा चुऱ्याला कमी लागतं, म्हणून तो घराघरांत रुळला. थोडक्यात, काटकसरीचा पदार्थ आहे. बदाम-पिस्त्यांनी त्याला नटवायची गरज नाही.

फळं बदलायची तर नासपती सफरचंदाइतकीच चांगली. अननस छान लागतो, पण परतून पाणी जास्त आटवा. आंबा पूर्ण पिकलेला घेऊ नका, हापूसचा तर नुसता रस होतो. पाडाचा, अजून घट्ट असलेला घ्या. पेरूच्या बिया दाताखाली येतात, गर काढायची चिकाटी असेल तरच. खानापूरकडच्या बायका टोपलीत करवंदं आणतात तेव्हा मोह होतो. मी एकदा केलं, आणि बिया काढताना बोटांना लागलेला चीक दोन दिवस गेला नाही. परत नाही.

उरलं तर फ्रिजमध्ये चुरा मऊ पडतो. मायक्रोवेव्हमध्ये तो आणखी लिबलिबीत होतो, म्हणून ओटीजीतच दहा मिनिटं गरम करा. सोबत आईस्क्रीम किंवा गार साय. सासरे मात्र प्रत्येक वेळी वाटीत एक चमचा कुंदा, म्हणजे आमच्या बेळगावची खव्याची मिठाई, घेऊनच बसतात, आणि खरं सांगते, आंबट सफरचंदावर तो खरपूस खवा आईस्क्रीमपेक्षा भारी लागतो.