वर्गात ८५, मग तोंडीत नापास कसे?

सर, तुम्ही तालुक्याच्या ठिकाणी नर्सिंगच्या मुलींना जर्मन शिकवता. वर्गातल्या चाचणीत सगळ्या ८०-८५ च्या घरात, आणि पुण्याला जाऊन बी१ (मधल्या पातळीची जर्मन परीक्षा) दिली तेव्हा वाचन-लेखन निघाले, पण श्रवण आणि संभाषणात बहुतेकजणी अडकल्या. आता पुस्तक बदलू का, असा तुमचा प्रश्न. पुस्तक राहू द्या, चाचणी बदला.

तुम्ही जोडलेला पेपर पाहिला. रिकाम्या जागा, विभक्तीचे तक्ते, क्रियापदांची रूपे. मुली पाठ करून येतात नं तेच लिहितात. त्यात मेहनत दिसते, पण भाषा किती येते ते कळत नाही. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषा किती येते हे मोजायची ए१ (सर्वांत सोपी) ते सी२ अशी सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली. किती धडे झाले हे त्यात कोणी विचारत नाही. त्या भाषेत माणसाला काय काय करता येते, एवढेच पाहतात.

"ए१ ला तर याच मुली पास झाल्या होत्या" असेही तुम्ही म्हणता. होणारच. या परीक्षा घेणाऱ्या जर्मन गोथे संस्थेच्या ए१ ला चारही भागांची बेरीज १०० पैकी ६० झाली की पुरते. बोलण्यात कमी पडलेले वाचनात भरून निघते. बी१ ला प्रत्येक भागात वेगळे ६० लागतात. तिथे कोणताच भाग दुसऱ्याच्या मदतीला येत नाही.

श्रवणाचे थोडक्यात सांगते. बी१ च्या श्रवणात चार तुकडे असतात, त्यातले दोन एकदाच ऐकवतात. आपण वर्गात "परत लावू का?" म्हणत तीनदा लावतो, तेही मोबाइलच्या स्पीकरवर, खाली एसटीचे हॉर्न सुरू असताना. चार्ज केलेला एक बरा ब्लूटूथ स्पीकर ठेवा (लाइट केव्हा जाईल त्याचा भरवसा नाही) आणि जे एकदाच ऐकायचे ते एकदाच लावा. गोथेच्या साइटवर नमुना प्रश्नसंच ध्वनिफितींसकट फुकट आहेत, डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या साइटवरही भरपूर साहित्य आहे.

खरी अडचण बोलण्याची. "येते ना जी मॅडम, पण तोंडातून निंगतच नाही," हे मी दर बॅचला ऐकते. बी१ ला दोन उमेदवार समोरासमोर बसतात. आधी दोघींनी मिळून काहीतरी ठरवायचे, मग प्रत्येकीने एका विषयावर छोटे सादरीकरण करायचे, शेवटी एकमेकींना प्रश्न विचारायचे. आपल्याकडे मोबाइलचे फायदे-तोटे पाठ करवून घेतात. जोडीदारणीने आडवा प्रश्न टाकला की सगळी गाडी बंद. त्यापेक्षा सुरुवात ओळखीच्या गोष्टींवरून करा. सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती असलेल्या मैत्रिणीला भेटायला जायचे आहे: कोणत्या बसने, डब्यात काय न्यायचे, परत केव्हा निघायचे? गल्लीतल्या पोरांचा तान्हा पोळा (लाकडी बैलांचा) भरवायचा आहे: बक्षिसे कोण आणणार? दोघींनी किमान एकदा तरी एकमेकींचे म्हणणे खोडलेच पाहिजे, अशी अट घाला. "हो, छान" म्हणत मान हलवणाऱ्या जोडीला संवादाचे पूर्ण गुण मिळत नाहीत. उच्चाराला १०० पैकी १६ च गुण आहेत, तेव्हा उमलाउटवर (दोन टिंबांच्या स्वरांवर) अख्खा तास घालवू नका.

आता वेळेचे. तीस मुलींची तोंडी एका दिवसात होत नाही आणि शेवटची बस कोणासाठी थांबत नाही. रोज तास संपल्यावर एकच जोडी घ्या, फोनवर रेकॉर्ड करा. ते रेकॉर्डिंग दुसऱ्या गावच्या जर्मन शिक्षकाला पाठवा, त्यांचे तुम्ही तपासा. गुण आधी एकमेकांना सांगायचे नाहीत. खऱ्या परीक्षेतही दोन परीक्षक स्वतंत्र गुण देतात. आपली मुलगी लाजते, घरची परिस्थिती अशी, हे सगळे आपल्याला माहीत असते म्हणून आपला हात सैल सुटतो. परक्या कानाला फक्त जर्मन ऐकू येते.

आणि कृपा करून इंग्रजीतून शिकवणे सोडा. 'वाइल इश क्रांक बिन' हे 'कारण मी आजारी आहे' याच क्रमाने चालते, शब्दाला शब्द. मराठीत ही रचना मुलींच्या तोंडी आयती असताना आपण त्यांना आधी इंग्रजीकडे वळवतो आणि मग "क्रियापद शेवटी का जाते" हे वेगळे समजावत बसतो!

तीन महिन्यांत बी१ च्या जाहिराती सध्या चौकाचौकात लागल्या आहेत. गोथेच्या अंदाजाने बी१ ला ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात. रोज घड्याळी दोन तास, आठवड्याचे सहा दिवस धरले तरी पाच ते साडेनऊ महिने होतात. मुलींच्या ड्युट्या सांभाळून त्याहून जास्तच. पालकांना हे पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे मागून कटकट नाही. नर्स म्हणून जर्मनीत पूर्ण मान्यता मिळवायला साधारण बी२ लागते, तेही तेव्हाच सांगून टाका.

नापास झालेल्यांनी पूर्ण परीक्षा पुन्हा देऊ नये. बी१ चे भाग सुटे देता येतात, राहिलेल्या दोनचेच फॉर्म भरा. पण त्याआधी त्या भागांच्या सरावात, अनोळखी विषयावर, दोनदा ७० च्या वर येऊ द्या. पुण्याची एक खेप म्हणजे फी, ट्रॅव्हल्सचे भाडे आणि वॉर्डातून मिळवलेली सुट्टी, तिन्ही जातात.