गल्ली, बोळ, आळी: सगळं एकच का?

पुण्याच्या पेठांमधे पायी फिरताना पाट्यांवर कुठे गल्ली, कुठे बोळ, कुठे आळी दिसतं, तर तिन्ही एकच का असा प्रश्न आलाय. एकच नाहीत, निदान मुळात तरी नाहीत.

बोळ म्हणजे दोन वाड्यांच्या भिंतींमधे उरलेली वाट, समोरून कोणी स्कूटर घेऊन आलं की आपण भिंतीला चिकटायचं. त्याहून अरुंद आणि वळणावळणाची असेल तर बोळकांडी (हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही, वापरा की). गल्ली त्यामानाने ऐसपैस, तिच्यात घरांची दारं उघडतात, पोरं खेळतात, म्हणून तर गल्ली क्रिकेट असतं, बोळ क्रिकेट कोणी ऐकलंय का?

आळीचं प्रकरण वेगळं आहे. संस्कृतात आलि म्हणजे ओळ, तेव्हा आळी म्हणजे घरांची ओळ आणि मग ओघाने त्या ओळीत राहणारे लोक, म्हणून नावात बहुतेक वेळा धंदा, जमात, देव नाहीतर आडनाव येतं. कसबा पेठेत तांबट आळी, रविवार पेठेत बोहरी आळी, वाईला गणपती आळी, ठाण्याला खारकर आळी. भांडण झालं की अख्खी आळी गोळा होते, अख्खा बोळ गोळा झाला असं नाही म्हणत आपण.

आता हे सगळं काटेकोर पाळलं जातं असं मात्र समजू नका. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली चांगलीच चिंचोळी आहे तरी गल्लीच (आणि तिथे तपकीर शोधायला गेलात तर वायरी, स्विच, दिव्यांच्या माळा घेऊन याल). पुणं सोडलं की तर सगळाच हिशोब बदलतो, बेळगावात भर बाजाराचा रस्ता म्हणजे गणपत गल्ली, शिवाय मारुती गल्ली, रामदेव गल्ली, जिकडे बघावं तिकडे गल्लीच. आणि नाशिकवाल्यांनी इंग्रजांची लेन उचलली ती आजतागायत सोडली नाही, कानडे मारुती लेन, हुंडीवाला लेन. पुण्यात तांबट आळी तर नाशकात तांबट लेन! कोकणात चढाची, पायऱ्यांची वाट असेल तर तिला पाखाडी म्हणतात, ती यातल्या कशातच बसत नाही.

राहिला गल्लीबोळ. हा केरकचऱ्यासारखा एकाच अर्थाचा जोड नाही, मोठी-लहान सगळी आडवाट त्यात आली, म्हणून 'पेठांच्या गल्लीबोळांतून हिंडलो' हे अगदी बरोबर. बोळ पुण्याकडे पुल्लिंगी, भाऊमहाराजांचा बोळ. आळीचं अनेकवचन आळ्या, पण लिहिताना तो काना सांभाळा, नाहीतर पाहुण्यांना कसब्यातल्या अळ्या दाखवायला न्याल.