गोळी दिली, तरी रात्रीची खाज थांबत नाही

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. रात्री झोपेतून उठून शीची जागा खाजवते. १० फेब्रुवारीला शाळेत जंताची गोळी दिली, थोडे दिवस बरं वाटलं, महिन्याभरात पुन्हा तेच. शौच तपासलं, त्यात काही सापडलं नाही. सासूबाई म्हणतात, गोड बंद कर. काय करू?

उत्तर : लक्षणं सुतासारख्या बारीक, पांढऱ्या जंतांची वाटतात. या जंताची मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर हजारो अंडी घालते. अंडी शौचात क्वचितच असतात, म्हणून तपासणी कोरी येते. मुलगी झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्चच्या उजेडात पाहा, वळवळणारे जंत दिसू शकतात. नाहीतर सकाळी शी-आंघोळीआधी त्या जागेवर पारदर्शक चिकटपट्टी दाबा, ती काचपट्टीवर चिकटवून लॅबमध्ये द्या. असं सलग तीन सकाळी करा.

शाळेतली गोळी वाया गेली असं समजू नका. त्या गोळीतलं अल्बेंडाझोल हे औषध जंत मारतं, पण अंडी बहुतेक वाचतात. खाजवताना ती नखांत जातात, तिथून तोंडात, की नवं चक्र सुरू. म्हणून ४०० मिलीग्रॅमची एक गोळी चावून खायला द्यायची आणि बरोबर दोन आठवड्यांनी दुसरी. सगळ्यात जास्त चूक इथेच होते : खाज थांबली की दुसरी गोळी राहून जाते. दुसरी चूक म्हणजे फक्त मुलीलाच औषध देणं. घरातल्या सगळ्यांनी, खाज नसली तरी, त्याच दिवशी घ्यावं. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, चुरून पाण्यातून. गरोदर बाई, वर्षाच्या आतलं बाळ, यकृताचा आजार किंवा फिटचं औषध चालू असलेली व्यक्ती यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

अंडी कपड्यांवर, अंथरुणात दोन-तीन आठवडे टिकतात. या काळात मुलीला सकाळी उठल्याउठल्या आंघोळ घाला, रात्री घट्ट चड्डी घाला, नखं अगदी बारीक कापा. चड्डी रोज बदला. चादरी गोळीच्या दिवशी गरम पाण्यात धुवा, पण झटकू नका, अंडी हवेत उडतात.

गोड खाण्याने जंत होत नाहीत. तिचा लाडू बंद करू नका.

दुसऱ्या गोळीनंतरही खाज राहिली, किंवा लघवीच्या जागी आग, पांढरं पाणी जाणं असं काही दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मुलींमध्ये हे जंत पुढच्या बाजूलाही जातात.