फेचला ट्राय-कॅच लावूनही ४०४ कॅचमध्ये का येत नाही?

जावास्क्रिप्टमध्ये फेच म्हणजे सर्व्हरकडून माहिती मागवणारं फंक्शन. सर्व्हरने ४०४ (मागितलेलं सापडलं नाही) दिला तरी तुमचा कॅच ब्लॉक, म्हणजे ट्रायमधली एरर पकडणारा भाग, चालतच नाही, कारण फेचचा स्वभावच तसा आहे. ४०४ असो वा ५०० (सर्व्हरमधलीच चूक), उत्तर आलं एवढंच त्याला पुरे. फेचचं प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराचं ऑब्जेक्ट) रिजेक्ट होतं आणि कॅच चालतो ते सहसा नेटवर्क तुटलं, कॉर्सने (दुसऱ्या साइटची माहिती वाचण्याबाबतच्या ब्राउझरच्या नियमाने) अडवलं किंवा रिक्वेस्ट मध्येच रद्द झाली तर. त्यामुळे रिस्पॉन्स हाती आला की आधी त्याची ‘ओके’ प्रॉपर्टी बघा (स्टेटस २०० ते २९९ असेल तर ती ट्रू असते). फॉल्स निघाली तर एरर स्वतःच थ्रो करा. तिथे नुसती स्ट्रिंग थ्रो करू नका, एरर ऑब्जेक्ट बनवा. नाहीतर स्टॅक ट्रेस (एरर कोणत्या ओळींतून आली त्याची यादी) मिळत नाही आणि चूक नेमकी कुठे झाली ते शोधत बसावं लागतं.

फेचच्या आधी अवेट (उत्तर येईपर्यंत थांबायला सांगणारा शब्द) आहे ना, तेही तपासा. नसेल तर प्रॉमिस रिजेक्ट होईपर्यंत ट्राय ब्लॉक कधीच संपलेला असतो.

आणि कॅच रिकामा ठेवू नका. मी एकदा ठेवला होता, पुढचे दोन दिवस पांढरा स्क्रीन बघण्यात गेले.